बोलता दिवस, मुका दिवस

वडीगोद्रीच्या अलीकडं हमरस्त्याला लागून कापसाची जी जिनिंग आहे, तिच्या फाटकावर पुंजाराम बसतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तो स्वतः चाचपतो. ट्रकचा ड्रायव्हर असो की कापूस घेऊन आलेला शेतकरी, बिडी-काडी फाटकाजवळच्या डब्यात टाकल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. एकदा खुद्द शेठच्या व्याह्याचा लायटर त्यानं काढून घेतला होता. व्याही रुसले, शेठ काही बोलले नाहीत. सुट्या रुईला ठिणगी लागली की माणूस बादलीकडं वळेपर्यंत ढीग गेलेला असतो, हे शेठनं आणि त्यानं मिळून पाहिलं होतं.

ती आग चार्जरनं लागली होती. कुणा मजुरानं गाठी दाबायच्या प्रेसजवळच्या भिंतीला मोबाईल लावून ठेवला. चार्जर तापला, खाली सांडलेल्या रुईनं पेट घेतला, आणि अर्धं गोदाम गेलं. तेव्हापासून हुकमचंद शेठनं नेम घातला: जिनिंगच्या हद्दीत भिंतीच्या बटनाला कुणी काही लावायचं नाही, ऑफिसातसुद्धा नाही. नेम शेठचा, पण पाळून घेणारा पुंजाराम.

फाटकावर बसणं हे त्याच्या लेखी काम नव्हतंच. काम त्यानं त्याआधी केलं होतं. रुईची दाबलेली गाठ माणसाच्या दुपटीहून जड असते. ती उचलत नाहीत, लोटतात. हूक कुठं रुतवायचा, मांडीचा जोर कधी द्यायचा, गाठ आपल्या वजनानं कधी वळते आणि तेव्हा हात कसा सैल सोडायचा, हे ज्याला कळलं त्याची कंबर टिकते. पुंजारामची कंबर टिकली. गुडघे गेले. मग शेठनं त्याला फाटकावर बसवलं, आणि त्यानं हूक घरी नेऊन तुळईला अडकवला.

घर म्हणजे शेतातला आखाडा. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा. माणसं दोनच, तो आणि गोजरबाई. दोन लेकी होत्या, दोघी दिल्या घरी गेल्या. थोरली दैवशाला टेंभुर्णीला असते. शेजारच्या आखाड्यावर चुलत भावजय नंदाबाई.

गोजरबाई कापूस वेचायला बसली की तिच्या ओळीला कुणी लागत नसे, आणि बोलायला लागली की तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. नवऱ्याला ती चारचौघांत ऐकवायची. पुंजाराम घरी कमी बोलायचा, कारण जागाच नसायची. मग तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कान शाबूत, समज शाबूत, डावा हात शाबूत. तोंडातून मात्र एकच आवाज निघायचा, आणि तो पाण्यासाठी आहे की पाठ दुखते म्हणून, हे ओळखता यायचं नाही. पुंजाराम विचारत सुटायचा. पाणी पाहिजे का, कूस बदलू का, भायेर न्यायचं का. चार प्रश्न चुकले की ती डाव्या हातानं समोरचं भांडं फेकायची.

जालन्याहून सुमेधा मॅडम यायच्या. लकवा झालेल्या माणसांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. पुष्कळ खटपट केली, पण गोजरबाईची जीभ वळेना. तेव्हा त्यांनी एका संस्थेकडून एक टॅब मिळवून दिला. त्यावर चित्रं होती. तांब्या, भाकर, खाट, पंखा, पोट, पाठ, डोकं, पाय. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलायचा. आधी त्यात कुणा शहरातल्या बाईचा आवाज होता. "मला तहान लागली आहे," असं ती म्हणायची. गोजरबाईनं पहिल्यांदा ऐकलं आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं अशी काही नाराजी दाखवली, की मॅडमनाच हसू आलं. मग दैवशालाला टेंभुर्णीहून बोलावलं आणि तिचा आवाज त्यात भरला. आता तांब्यावर बोट ठेवलं की दैवशाला म्हणायची, "अप्पा, पाणी द्या."

सगळी चित्रं झाल्यावर गोजरबाईनं आणखी एक मागितलं. ते काय, हे समजायला मॅडमना बराच वेळ लागला. ती ओठांवर बोट ठेवायची आणि नवऱ्याकडं पाहायची. शेवटी दैवशालाच्या ध्यानात आलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलेल्या माणसाचं चित्र घातलं. त्यावर बोट ठेवलं की टॅब म्हणायचा, "अप्पा, गप ऱ्हा आता."

सगळ्यात जास्त वापर त्याच चित्राचा झाला. पुंजारामला त्याचा राग नव्हता. तो नंदाबाईला सांगायचा, लकवा मारला पण मालकीण हाये तशीच हाये.

अडचण होती ती विजेची. आखाड्यावर येते ती शेताची लाईन. कधी बल्ब काजव्यासारखा, कधी इतका दाब की दिवा फुटतो. टॅबसोबत आलेला चार्जर महिनाभरात जळाला. रस्त्यावरच्या दुकानातून दुसरा आणला, तोही वास येऊन बसला. सुमेधा मॅडम म्हणाल्या, आता इथं लावू नका, टॅबच जाईल. जिनिंगमध्ये वीज बराबर होती, पण तिथं भिंतीला काही लावायचं नाही आणि तो नेम पाळून घेणारा तो स्वतः. त्यानं दोन दिवस टॅब पिशवीत घालून नेला आणि तसाच परत आणला. विचारायची जीभ झाली नाही.

विचारलं ते नेहलनं. ती शेठची नातसून, ऑफिसात कंप्युटरवर बसायची. बाबा, पिशवीत काय जपून ठेवता, असं तिनं विचारलं तेव्हा सगळं निघालं. तिनं शेठशी बोलून वाट काढली. भिंतीला लावायचं नाही, पण कंप्युटरच्या डब्याला यूएसबीच्या खाचा असतात, त्यातून वायरीनं टॅब चार्ज होतो. त्यात चार्जर येत नाही, तापत काही नाही. शेठ म्हणाले, कंप्युटरला लावा, भिंतीला नको.

पण कंप्युटरची धार बारीक. भिंतीवर जे दोन-तीन तासांत भरलं असतं त्याला इथं अख्खा दिवस लागायचा. पुढच्या खाचेत लावलं तर आकडा हलायचाच नाही. नेहलनं वाकून मागच्या निळ्या खाचेत लावून दिलं, तेव्हा जरा बरं चालू लागलं. टॅबचा पडदा उघडा राहिला तर जेवढं आत यायचं तेवढं निघून जायचं. आणि नेहल जेवायला गेली की कंप्युटर आपोआप झोपायचा, त्याबरोबर टॅबचंही भरणं बंद. पहिल्या दिवशी असाच फसला. मुनीम राधेश्यामनं पुंजारामला युक्ती शिकवली, की टेबलावरचा माऊस अधूनमधून हलवत राहायचा. मग तो फाटकावरून उठून लंगडत यायचा, माऊस जरासा सरकवायचा आणि परत जायचा. राधेश्याम म्हणायचा, बाबा, गाठी लोटल्या तुम्ही जन्मभर, आता उंदीर लोटा. पुढं नेहलनं कंप्युटरचं झोपणंच बंद करून टाकलं, तरी पुंजाराम येऊन माऊस हलवायचाच. काम आपोआप होतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

टॅब दीड-दोन दिवस पुरायचा. म्हणून तो एक दिवसाआड जिनिंगला जायचा. ज्या दिवशी टॅब घरी, तो बोलता दिवस. ज्या दिवशी जिनिंगला, तो मुका दिवस. घरात हेच शब्द रूढ झाले. मुक्या दिवशी नंदाबाई दुपारची चक्कर मारायची, पाणी पाजायची, कूस बदलायची आणि अंदाजानं भागवायची. संध्याकाळी पुंजारामची सायकल आखाड्याच्या वळणावर दिसली की गोजरबाईचा डावा हात गोधडीतून बाहेर यायचा. दिवसभराचं बोलणं तिनं साठवलेलं असायचं. पिशवीतून टॅब निघाला की आधी पाणी नाही, भाकर नाही. आधी "अप्पा, गप ऱ्हा आता", मग बाकीचं.

खंडेनवमी आली ती मुक्या दिवशी.

जिनिंगचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळी यंत्रं झाडून-पुसून पूजेला बसतात. पूजा सगळ्यात जुन्या कामगारानं करायची असा रिवाज, म्हणजे कितीतरी वर्षं ती पुंजारामच्या हातची. आणि पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुठल्याही हत्याराला, यंत्राला हात लावायचा नाही. हा रिवाज सगळीकडं आहे, पण या जिनिंगमध्ये तो कडक झाला तो पुंजाराममुळं. तो हमाल असताना एकदा ऐन खंडेनवमीला कापसाची ट्रक येऊन उभी राहिली. आभाळ भरून आलेलं. शेठ स्वतः म्हणाले, खाली करून घ्या. बाकीचे हमाल उठलेही. पुंजाराम उठला नाही. हूक पूजेला बसलाय, उद्या उचलू, एवढंच म्हणाला. ट्रक भिजली. शेठ महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत, पण पुढं कुठल्या खंडेनवमीला कुणी कुणाला उठ म्हणालं नाही.

त्या सकाळी त्यानं नेहमीसारखा टॅब आणला, नेहलनं मागच्या खाचेत वायर घातली, आणि तो झाडलोटीला लागला. थोड्याच वेळात सफाईसाठी मेन स्विच पाडला. यंत्रांतली रुई हवेनं उडवून काढायची म्हणजे वीज बंदच ठेवावी लागते. ऑफिसातला कंप्युटर जरा वेळ पीं-पीं करत राहिला आणि बंद झाला. मध्येच येऊन पुंजारामनं माऊस हलवला. पडदा काळाच. राधेश्याम म्हणाला, मेन पाडलाय बाबा, उंदीर आज उठायचा न्हाई. पुंजारामला वाटलं, पूजेनंतर चालू होईल. पूजेनंतर मेन उद्यापर्यंत उचलत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण इतकी वर्षं मेन पाडल्यानं त्याचं स्वतःचं काही अडलं नव्हतं.

दुपारी आंघोळ करून, धोतर नेसून त्यानं ताट घेतलं. आधी वजनकाटा. मग कापूस ओढणारे पंखे, जिनच्या ओळी, प्रेस. प्रत्येकाला हळद-कुंकवाची बोटं, झेंडूचं फूल, अक्षता. हमालांचे हूक सतरंजीवर मांडलेले, त्यांना एकेक करून. मागून सगळे कामगार. शेवटी ऑफिस. वजनकाट्याचा आकडे दाखवणारा डबा, कंप्युटरचा पडदा, कळफलक, खालचा डबा. हात एकदा लयीत लागला की तो मोजत नाही. पुढचं जे आलं त्यालाही त्यानं हळद लावली, कुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि अक्षता टाकल्या.

तो टॅब होता.

राधेश्यामनंच पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, आज मालकिणीला बी पूजेला बसवलं का?"

सगळे हसले. पुंजारामही जरा हसला. मग त्याला समजलं.

निघायच्या वेळी नेहलनं फूल बाजूला करून टॅबचं बटन दाबून पाहिलं. थोडं चार्जिंग शिल्लक होतं. तिनं वायर काढायला हात घातला. दारात हमाल उभे होते, ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं दम दिला होता ते. राधेश्याम उभा होता. शेठ खुर्चीवर बसून पाहत होते.

"बाबा, घेऊन जा. तासभर तरी चालेल. आजींना लागेल ना."

"बसलंय ते आता," पुंजाराम म्हणाला. "उद्या सकाळीच उचलू."

"देव काही म्हणत नाही बाबा."

"देवाचं न्हाई. एका रातीनं काय व्हतं?"

 शेठनी मान हलवली, बरोबर आहे अशी. त्या मान हलवण्यानं त्याला बरं वाटलं, हेही खरं.

सायकल वळणावर आली तेव्हा गोजरबाईचा हात गोधडीबाहेर आला नव्हता. नंदाबाई सांगून गेली, की दुपारपासून काहीतरी म्हणून राह्यली, समजंना. भाकर बी खाल्ली न्हाई. पुंजारामनं पिशवी रिकामी करून दाखवली. आज टॅब न्हाई, पूजेला बसलाय, उद्या आणतो, असं मोठ्यानं सांगितलं. मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. कान शाबूत होते. तिनं डोळे मिटले आणि उघडले.

मग तिनं डावा हात उचलला. सावकाश, जड वस्तू उचलावी तसा. बोटं कपाळाला टेकवली. तोंडातून तोच एक आवाज निघाला.

त्यानं नेहमीचे प्रश्न सुरू केले. पदर पुढं आलाय का? हवा घालू का? तिनं पुन्हा हात कपाळाला नेला, कपाळाच्या मधोमध, आणि तिथंच दाबून धरला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आज खंडेनवमी. त्याच्या स्वतःच्या बोटांना अजून कुंकू होतं. वर्षाचा सण, आणि बायकोचं कपाळ सकाळपासून मोकळं. लोखंडाला कुंकू लावून आला आणि हिला राहिलं. त्याला शरमल्यासारखं झालं. तो देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आला, तिचा हात हळूच बाजूला केला आणि तिच्या कपाळाला मोठं, गोल कुंकू लावलं. वर हळदीचं बोट ओढलं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड भिंतीकडं वळवलं.

आपण या खेपेला बरोबर ओळखलं, असं त्याला वाटलं. भांडं फेकलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी तो चहा घेऊन खाटेजवळ गेला तेव्हा तिचे डोळे उघडे होते. डावा हात गोधडीवर पडलेला होता. त्यानं कपबशी खाली ठेवून तो हात हातात घेतला. गाठ कशी असते हे त्याच्या हाताला माहीत होतं, आणि जिवंत वजन कसं असतं हेही. तो हात नुसता जड होता.

नंदाबाईच्या नवऱ्यानं जीप आणली. जालन्याला नेलं. डॉक्टरांनी यंत्रात घालून तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की डोक्यात रक्तस्राव झालाय, या खेपेला दुसऱ्या बाजूला. बहुतेक काल दुपारपासून हळूहळू चालू असावा. त्यांनी विचारलं, डोकं दुखतंय असं काही म्हणाल्या होत्या का?

"बोलता येत न्हाई तिला," पुंजाराम म्हणाला.

"मग काही खूण? हातानं काही?"

तो उत्तर द्यायला लागला आणि थांबला. त्यानं आपला हात उचलून कपाळाला लावला, तिनं लावला होता तसाच, आणि तिथंच धरून राहिला. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांनी दोष दिला नाही. कालच आणलं असतं तर काय झालं असतं, हे त्यानं विचारलं. खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. फरक पडला असता, किंवा नसताही.

गोजरबाईच्या कपाळावरचं कुंकू नर्सनं पुसलं होतं, पण कडेला तांबडं राहिलं होतं.

संध्याकाळी राधेश्याम टॅब घेऊन दवाखान्यात आला. नेहलनं पाठवला होता. त्याच्या खोळीवर हळद-कुंकू तसंच, खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकलेला. राधेश्यामला काही थट्टा सुचली नाही. तो म्हणाला, सकाळीच उचलला बाबा, सगळ्यात आधी. पुंजारामनं टॅब तिच्या डाव्या हाताखाली ठेवला. बोटं चित्रांवर पडली ती तशीच पडून राहिली, आणि एकदम तीन-चार चित्रं दाबली जाऊन दैवशालाचा आवाज नुसता अडखळला. त्यानं हात उचलून घेतला.

पुढं तिला आखाड्यावर आणलं. ती गिळते, पाहते. समजतं की नाही, हे सुमेधा मॅडमनाही सांगता आलं नाही. डोळ्यांनी हो-नाही म्हणायला शिकवून पाहू म्हणाल्या. दैवशाला येऊन पंधरा दिवस राहिली. टॅबमधून आपलाच आवाज ऐकवेना म्हणून तिनं तो कोनाड्यात ठेवला. ती गेल्यावर पुंजारामनं तो परत काढला.

तो अजूनही एक दिवसाआड टॅब जिनिंगला नेतो. फाटकावर खिसे चाचपतो. मधूनच लंगडत ऑफिसात येतो, माऊस जरासा सरकवतो आणि परत जातो. एकदा नेहलनं वायर लावताना पडदा पाहिला आणि म्हणाली, बाबा, हे तर जवळजवळ भरलेलंच आहे, वापर झालेलाच नाही. तो म्हणाला, असू द्या, लावा. तिनं लावलं. पुन्हा विचारलं नाही.

दिवस मावळायच्या आत तो आखाड्यावर पोचतो. हात-पाय धुऊन खाटेशी बसतो, टॅब मांडीवर घेतो आणि आता स्वतःच चित्रांवर बोट ठेवतो. तांब्या. "अप्पा, पाणी द्या." मग तिच्या डोळ्यांकडं पाहतो. पापणी हलली तर पाणी पाजतो. भाकर, पंखा, पाठ, पोट, पाय, एकेक करून. डोक्याचं चित्र ओळीत मध्येच आहे. त्याच्यावरून बोट उचलून तो पुढं जातो.

चित्रं संपली की तो तिच्याशी बोलत बसतो. आयुष्यात बोलला नाही इतकं. आज किती गाड्या आल्या, कापूस कसा ओला आहे, नवे हमाल गाठ कशी कमरेनं उचलायला बघतात आणि कसं ते चुकीचं आहे. बोलता बोलता त्याचं त्यालाच समजतं, की आता फार झालं. मग तो ओठांवर बोट ठेवलेल्या माणसाचं चित्र दाबतो.

"अप्पा, गप ऱ्हा आता."

आणि गप बसतो.